दोन हॉर्न, एक ओळ

मी नक्की काय काम करते हे माझ्या सासरी अजून कुणाला नीट कळलेलं नाही. ‘वल्लरी कॉम्प्युटरवर गाणी टाइप करते,’ असं सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. मी आता दुरुस्त करत नाही. एकतर ते फारसं चूक नाही, आणि दुसरं म्हणजे खरं सांगायला बसलं की समोरच्याचा चहा गार होतो.

खरं असं आहे. बँडसाठी कुणी एखादी रचना लिहिली की तिचा एक मोठा स्कोअर असतो. एका पानावर एकाखाली एक ओळी. वर बासऱ्या, मग क्लॅरिनेट, मग पितळी वाद्यं, तळाला ड्रम. एका क्षणाला कोण काय वाजवतंय ते सगळं तिथे दिसतं. पण वाजवणाऱ्याला हे सगळं नको असतं, त्याला फक्त त्याची ओळ हवी असते. ती ओळ स्कोअरमधून वेगळी काढून त्याच्या पानांवर मांडायची, याला पार्ट काढणं म्हणतात. लोकांना वाटतं, सॉफ्टवेअर आहे, बटण दाबलं की झालं. होतं ना. मग पान उलटायची वेळ नेमकी तिथे येते जिथे बिचाऱ्याचे दोन्ही हात वाद्यावर अडकलेले असतात. मी प्रत्येकाच्या ओळीत तो कुठे थांबतो ते शोधते आणि पान तिथे संपवते. वाजवणाऱ्याला पान उलटून वर नाक खाजवायचीही सवड मिळाली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

या कामाने मला भोचक करून सोडलंय. आधीच थोडी होते, असं जयंत म्हणतो. जयंत म्हणजे माझा नवरा, फौजेत कर्नल. त्याच्या बदल्यांपायी माझी एकही नोकरी टिकली नाही. लॅपटॉप तेवढा टिकला, म्हणून सांगलीच्या घरी शिकलेली पेटी आणि पुण्यात शिकलेला पियानो असे पोटापाण्याला लागले. तर, ओळी वेगळ्या काढायला लागलं की कुणाच्या वाट्याला काय आलंय ते दिसायला लागतं. कॉर्नेट, म्हणजे छोटा ट्रम्पेट, वाजवणाऱ्याचं पान नुसतं सुरांनी काळं झालेलं असतं, आणि कुणाच्या पानावर तीच ती दोन टिंबं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. मग मला प्रश्न पडतो की हा माणूस घरी जाऊन काय सांगत असेल.

यंदा हिवाळ्यात इकडे उत्तरेत, आमच्या चंडीमंदिरच्या छावणीतले बँडमास्टर, सुभेदार धवल निकम, एक जुनाट स्कोअर घेऊन आमच्या क्वार्टरवर आले. निकम साहेब नाशिकचे, तरुण, अतिशय टापटिपीचे. त्यांच्या बुटात बघून भांग पाडता यावा.

“मॅडम, शहरात सेक्टर अठराच्या थिएटरमध्ये आपला कार्यक्रम आहे. त्यात हे वाजवायचंय,” ते म्हणाले. “घोरपडे साहेबांची रचना. माझ्या आधीच्या आधीचे बँडमास्टर. पार्ट सगळे वाळवीने खाल्ले. स्कोअर त्यांच्या ट्रंकेत होता म्हणून वाचला.”

रचनेचं नाव होतं ‘घाटमाथा’. शाईने लिहिलेली, अक्षर सुरेख, पण कागदाच्या बाबतीत माणूस कंजूष. एकेका ओळीवर दोन-दोन वाद्यं कोंबलेली. मी खुशीत कामाला लागले.

त्याच आठवड्यात हवालदार शंकर जाधव दारात उभे राहिले. सेकंड हॉर्न वाजवतात. फ्रेंच हॉर्न म्हणजे ते गोल वळसे घेतलेलं पितळी वाद्य, ज्याच्या तोंडात वाजवणारा आपला एक हात घालून बसतो. जाधव साताऱ्याकडचे, माण तालुक्यातले. त्यांचं काम एवढंच होतं की त्यांच्या पार्टाची अक्षरं जरा मोठी करावीत.

“डोळ्यास्नी चाळिशी लागली, मॅडम,” ते म्हणाले. “चष्मा लावला तर कागदावरच्या नोटा दिसत्यात पर म्होरं छडीवाले साहेब दिसंना.”

मी त्यांना बसवलं, चहा दिला आणि माझ्या स्वभावाप्रमाणे विचारलं, “तुम्ही बँडमध्ये वाजवता म्हणजे नक्की काय वाजवता हो?”

त्यांनी जरा विचार केला. “पा,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“मार्च कसा चालतो? उम्-पा, उम्-पा. त्यातला उम् मोठ्या भोंग्याचा ट्यूबावाला वाजवतो. आमी पा.”

“आणि चाल?”

“चाल कॉर्नेट, क्लॅरिनेटकडं. कधीमधी फर्स्ट हॉर्नला. आमच्याकडं न्हाई येत.” यात तक्रार नव्हती. पाण्याची पाळी कुणाच्या शेतावर कधी येते ते सांगावं तसं त्यांनी सांगितलं. जाताना म्हणाले, “ह्यो कार्यक्रम झाला की पेन्शन. मग गावाकडं.”

त्यांच्या बायकोला, यमुनाबाईंना, मी आधीपासून ओळखत होते. दर गुरुवारी सकाळी वेल्फेअर सेंटरमध्ये शिवणाचा वर्ग असतो, तिथे त्या येतात. त्या गुरुवारी मी मुद्दाम त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

“तुमच्या मालकांसाठी मोठ्या अक्षरांचा कागद करतेय,” मी म्हणाले.

त्यांनी सुई थांबवली. “मग तुमाला ठावं असंल. ह्यांचा आवाज कंचा, ते सांगाल का मला?”

मला कळेना. मग त्यांनी समजावून सांगितलं. लग्न झाल्यापासून त्या बँडच्या प्रत्येक कार्यक्रमाला गेल्या होत्या. जम्मूला, झाशीला, इथे. घरी तर हे फक्त पा-पा करतात, पोरं हसतात. आणि तिथे सगळे मिळून वाजवायला लागले की यांचं काही वेगळं म्हणून ऐकूच येत नाही. नवरा गाल फुगवून बसलेला दिसतो, पण त्यातून निघालेलं काय ते कधी सापडलेलं नाही.

“गावाकडं गेल्यावर बाया इचारतील, काय वाजवत हुते तुमचे मालक? काय सांगू मी?” त्या म्हणाल्या. “योकदा ऐकू यावं, एवढंच. आता ह्यो शेवटचाच.”

मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी आणखी भोचक होते.

आता गंमत बघा. दुसऱ्याच दिवशी मी ‘घाटमाथा’त एफपाशी पोचले. लांबलचक रचनेत तालमीला सोपं जावं म्हणून मध्ये मध्ये ए, बी, सी अशी मोठी अक्षरं टाकतात. तर एफपाशी सगळा बँड हळूहळू शांत होतो. ड्रम थांबतात. उम्-पा थांबतं. आणि हॉर्नच्या ओळीवर एकटीच एक चाल सुरू होते, खालच्या सुरांत, संथ, चढ चढून वर आल्यावर माणूस वाऱ्याला उभा राहतो तशी. मी ती कॉम्प्युटरवर वाजवून बघितली. कॉम्प्युटरच्या त्या पत्र्याच्या आवाजातसुद्धा ती चांगली वाटली, यावरून काय ते समजा.

पण ती वाजवायची कुणी? फर्स्ट आणि सेकंड असे दोन्ही हॉर्न घोरपडे साहेबांनी एकाच ओळीवर लिहिले होते. एकाच वेळी दोन सूर असले की सोपं असतं. वरचा पहिल्याचा, खालचा दुसऱ्याचा. एकच सूर असला की संगीतकाराने वर खूण करायची असते, की हे पहिल्याने, हे दुसऱ्याने किंवा हे दोघांनी. बाकी सगळीकडे त्यांनी इमानेइतबारे खुणा केल्या होत्या. एफपाशी मात्र काही नाही. शाई पुसली असेल म्हणून मी पान उजेडात धरलं, भिंग लावलं, फोनवर फोटो काढून मोठा केला. कागद कोरा होता. खूण कधी केलेलीच नव्हती.

सॉफ्टवेअरला असले प्रश्न पडत नाहीत. त्याने चाल पहिल्याला देऊन टाकली आणि जाधवांच्या पानावर तेवढ्या जागेत एक जाडजूड आडवी रेघ ओढली. म्हणजे, गप्प बसा.

मी निकम साहेबांना फोन केला.

“फर्स्टला, मॅडम. सोलो नेहमी फर्स्टचाच असतो,” ते म्हणाले. “गुरनाम वाजवेल. चांगला आहे पोरगा.”

“पण लिहिलेलं नाहीये.”

“लिहिलेलं नाही म्हणजे फर्स्ट. पचमढीच्या फौजी संगीत शाळेत आम्हाला हेच शिकवलंय.”

कुणी मला ‘हेच शिकवलंय’ म्हटलं की माझं डोकं फिरतं. बाकीच्या पानांवर खुणा करणारा माणूस इथेच का विसरेल? कुणालातरी मनात धरून लिहिलं असणार, कुणाला, एवढंच मला हवं होतं. आणि ते ‘दुसऱ्याला’ असं निघालं तर मला फार आनंद होणार होता, हेही कबूल करते.

घोरपडे साहेब मुलाकडे, जवळच मुल्लानपूरला राहतात. रविवारी जयंतला गाडी काढायला लावली. मोहरीच्या शेतांमधून एकदम पंधरा-पंधरा मजल्यांच्या इमारती उगवलेल्या आहेत तिथे, आणि घर सापडेपर्यंत जयंत माझ्याशी तीन वेळा बोलायचा थांबला. सदाशिव घोरपडे बाल्कनीत उन्हाला बसले होते. ऐंशीच्या पुढचे, ताठ, कोल्हापुरी. मी त्यांच्यापुढे पान धरलं आणि विचारलं की एफपाशी चाल कोणत्या हॉर्नची.

त्यांनी पान नाकाजवळ नेलं आणि ती सबंध चाल गुणगुणली. मग म्हणाले, “कुणाचीच न्हवं.”

“असं कसं साहेब? कुणीतरी वाजवत असणारच की.”

“वाजवायचे ना. मी बोट दाखवायचो,” त्यांनी डाव्या हाताचं पहिलं बोट उचलून दाखवलं. “एफ जवळ आला की दोघंबी वाद्य ओठाला लावून तयार. मी ज्याच्याकडं बोट करीन त्यानं वाजवायचं. कुणाच्या घरनं तार आलेली असायची, कुणाला पोरगं झालेलं असायचं, कुणी रुसलेलं असायचं. बँडमास्टरला ते ठावं असतं. कागदाला काय ठावं? म्हणून ल्हिलं न्हाई.”

“आणि वाजवणारा चुकला तर?”

“चुकू देत की ताई. घाटात काय सगळीच गाडी न थांबता चढतीय?”

परतीच्या वाटेवर मी पान मांडीवर घेऊन एफच्या जागी बोट फिरवत राहिले. जयंतला ते जास्त धोक्याचं वाटलं. शेवटी त्याने विचारलंच, “मग? सुटलं का कोडं?”

“सुटलं, पण उत्तर कागदावर लिहिता येत नाही,” मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी बँडच्या बराकीकडे गेले आणि जाधवांना बाजूला बोलावून सरळ विचारलं. चाल तुमच्या पानावर घालते, वाजवाल का? मला वाटलं होतं माणूस हरखून जाईल. त्यांचा चेहरा पडला.

“नको मॅडम. गुरनामला द्या.”

“का पण? शेवटचा कार्यक्रम आहे. घरच्यांना ऐकू येईल.”

“म्हनून तर नको,” ते म्हणाले. त्यांचे हात वाद्याच्या नळ्यांवरून फिरत होते. “आजवर कुणाला ऐकू आलो न्हाई, म्हंजी कधी चुकल्यालंबी कुणाला ऐकू गेलं न्हाई. एवढी नोकरी नीट झाली. आता जाता जाता, जनरल साहेबाम्होरं, बायकोपोरांम्होरं सूर फाटला तर? तेवढंच घिऊन गावाला जायचं का?”

मी नको तिथे नाक खुपसलं होतं आणि त्या माणसाची झोप घालवली होती. मी निघाले तर तेच मागून म्हणाले, “हुकूम आला तर गोष्ट येगळी. सायबानं सांगितलं तर वाजवावंच लागतं. पर मागून घेनार न्हाई.”

ते असं का म्हणाले, सहज की मला काही सुचवायला, याचा मी घरी येईपर्यंत विचार करत होते. आणि मग मी असं काहीतरी केलं जे पार्ट काढणाऱ्याने कधीही करू नये.

पार्टामध्ये कधी कधी छोट्या टायपात सूर छापतात. ते त्या वाजवणाऱ्याचे नसतात. दुसरं कुणीतरी काय वाजवतंय ते त्याला कळावं, आपण कुठवर आलो ते समजावं, आणि तो दुसरा आजारी पडलाच तर अडू नये, म्हणून ते असतात. छोट्या टायपातलं वाजवायचं नाही, हा नियम बँडमधल्या नव्या रंगरुटालाही माहीत असतो. मी एफपाशी ती चाल गुरनामच्या पानावर छोट्या टायपात घातली. आणि जाधवांच्या पानावरही छोट्या टायपातच घातली. मोठ्या टायपात ती कुठेच नव्हती. कागदावर ती आता घोरपडे साहेबांनी सांगितली तशीच होती. कुणाचीच नव्हती.

पहिल्या तालमीला मी बघायला गेले. जाणारच. बँड घाट चढत चढत एफपाशी आला, ड्रम थांबले, उम्-पा थांबलं, आणि पुढे काहीच झालं नाही. सगळा हॉल शांत. बाहेर ग्राउंडवर कुणीतरी ‘पीछे मुड’ ओरडलं तेवढं ऐकू आलं.

निकम साहेबांनी छडी खाली केली. “हॉर्न?”

“सर, मेरा छोटा लिखा है,” गुरनाम म्हणाला.

“साब, मेरा भी,” जाधव म्हणाले.

निकम साहेबांनी दोघांची पानं मागवली, शेजारी शेजारी धरली, आणि मग माझ्याकडे वळले. इतक्या नीटनेटक्या माणसाच्या कपाळावर इतक्या आठ्या मी पहिल्यांदाच बघितल्या.

“मॅडम, असे पार्ट मी जन्मात पाहिले नाहीत.”

“स्कोअरमध्ये खूण नाही साहेब. मी स्वतः कशी घालणार?” मी म्हणाले, आणि घोरपडे साहेबांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. तार, पोरगं, रुसवा, बोट. कुणाचं नाव घेतलं नाही. ते ऐकताना निकम साहेब जाधवांकडे बघत नव्हते, पण कुणाचं पेन्शन कधी आहे हे बँडमास्टरला ठाऊक असतंच.

त्यांनी पानं परत दिली. “ठीक. एफच्या आधीपासून,” म्हणाले, आणि एफपाशी बोट गुरनामकडे केलं. गुरनामने छान वाजवलं. वरचे सूर वाजवायची सवय असलेल्याचे खालचे सूर जरा पातळ येतात, तेवढं सोडलं तर छान. मग पुन्हा एफच्या आधीपासून, आणि या वेळी बोट जाधवांकडे. त्यांची सुरुवात अशी झाली की क्लॅरिनेटवाले मान वळवून बघायला लागले. मग मध्यावर सूर फाटला. जाधव तसेच पुढे गेले, शेवटपर्यंत वाजवलं, आणि वाद्य मांडीवर घेऊन त्यात फुंकून साठलेलं पाणी काढत बसले. कुणी त्यांच्याकडे बघितलं नाही. फौजेत यालाच माया म्हणतात.

“कार्यक्रमात बघू,” निकम साहेब म्हणाले. पुढच्या तालमींना त्यांनी एक दिवस याला, एक दिवस त्याला असं चालवलं. जाधवांचा सूर कधी फाटला, कधी नाही. मी खोदून खोदून विचारलं, पण त्या माणसाने ताकास तूर लागू दिली नाही.

कार्यक्रमाला मी कर्नलच्या बायकोची पुढची खुर्ची सोडली आणि मागे जवानांच्या कुटुंबांत यमुनाबाईंच्या शेजारी जाऊन बसले. त्यांनी ठेवणीतलं लुगडं काढलं होतं. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. सांगून ते झालं नसतं तर काय तोंड दाखवलं असतं?

तिथून हॉर्नवाले दिसतच नव्हते. त्यांच्यापुढे ट्रॉम्बोनची रांग, आणि दिवे असे की सगळ्या पितळेचा एकच झगमगाट झालेला. यमुनाबाई मान उंच करकरून बघत होत्या. ‘घाटमाथा’ सुरू झालं. कॉर्नेटचा गोंगाट झाला, ड्रम झाले, उम्-पा झालं. मग एफ आला आणि एकेक करून सगळं थांबलं. निकम साहेबांची पाठ आमच्याकडे होती. त्यांचा डावा हात वर गेला. बोट दिसलं, पण कुणाकडे ते दिसलं नाही.

चाल सुरू झाली. खालून, संथ. मी कान देऊन ऐकत होते, कोण आहे, कोण आहे. एवढा सगळा उद्योग करून ठेवला होता, सगळे सूर माझ्या बोटांखालून गेले होते, आणि मला ओळखता येईना. गुरनामही तालमींनी सुधारला होता. मध्यावर, जिथे ते फाटायचं, त्याच्या जरा आधी चाल थांबली. चुकली नाही, थांबली. त्या शांततेत कुणीतरी लांब, खरखरीत श्वास आत ओढल्याचा आवाज झाला, आणि तिथूनच ती पुढे निघाली, वर चढली आणि नीट माथ्यावर पोचली.

यमुनाबाईंनी माझा हात घट्ट धरला.

“ह्ये हायेत,” त्या म्हणाल्या. “ह्येच हायेत.”

“तुम्हाला कसं कळलं?”

“दम घेतला न्हवं आता, त्यो ह्यांचा.” त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. “रोज शेजारी ऐकत्ये मी. इतकी वर्सं नुसता आवाजच हुडकत बसले बगा.”